कुत्र्यांचे आनुवंशिक आजार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात रोज कानावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग आणि पॉमेरेनियन यांच्याबद्दलचे प्रश्न जास्त आहेत, कारण आपल्याकडे घरोघरी हीच मंडळी दिसतात. औषधांची नावं ओळखीपुरती दिली आहेत. डोस मुद्दामच दिलेला नाही.

आनुवंशिक आजार म्हणजे जन्मतःच दिसणारा आजार का?

बहुतेक वेळा तसं नसतं. डाल्मेशियनचा बहिरेपणा पहिल्या काही आठवड्यांतच येतो. पण डोबरमनचं हृदय पाच-सहा वर्षं छान चालतं आणि मग दगा देतं. जर्मन शेफर्डचा मज्जारज्जूचा आजार बहुधा आठ वर्षांनंतरच दिसतो. दोष जन्माबरोबर येतो, त्रास कधी सुरू होईल ते आजारागणिक वेगळं. उलट जन्मतः दिसणारं प्रत्येक व्यंग आनुवंशिक असतं असंही नाही.

आई-बाप दोघेही ठणठणीत होते. मग पिल्लाला कसा झाला?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बऱ्याच आजारांत दोन्ही प्रती सदोष असल्या तरच आजार होतो. एकच सदोष असेल तर कुत्रा आयुष्यभर धडधाकट राहतो, पण ती प्रत पुढच्या पिढीत देऊ शकतो. अशा प्राण्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांची जोडी लागली तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के. हा हिशेब दर पिल्लामागे नव्याने होतो, त्यामुळे आठ पिल्लांत एकही आजारी नसेल किंवा चार आजारीही निघतील.

लॅब्राडोर आणि कॉकर स्पॅनियलमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए नावाचा आजार असाच उतरतो. सुरुवात रात्री कमी दिसण्यापासून होते. ओळखीच्या जिन्यावर कुत्रा अंधारात थबकतो आणि दिवा लावला की सरळ खाली उतरतो. घरच्यांना वाटतं, घाबरतोय. याच्यावर औषध नाही, पण दुखतही नाही. घरातलं फर्निचर जागचं हलवलं नाही तर आंधळा कुत्रा आश्चर्य वाटावं इतक्या सहज वावरतो.

सांध्यांचे आजार, ॲलर्जी, फिट यांचं गणित इतकं सरळ नाही. तिथे अनेक जनुकं एकत्र येतात आणि आहार, वजन, व्यायाम यांचाही हात असतो. म्हणून तर तिथे आपल्याला काही करता येतं.

आमच्या पिल्लाला केसीआयचे पेपर आहेत. मग काळजी कशाला?

केनल क्लब ऑफ इंडियाचे पेपर वंशावळ सांगतात: आई कोण, बाप कोण, आजोबा कोण. खुब्याचा एक्स-रे काढला होता का, डोळे तपासले होते का, हे ते सांगत नाहीत. तरी पेपरचा एक उपयोग आहे. तीन पिढ्यांची नावं नीट वाचा. एकच नाव आईच्या आणि बापाच्याही बाजूला सापडलं तर जवळच्या नात्यात मेटिंग झालं आहे असं समजा. तिथे लपलेले दोष एकत्र येण्याची शक्यता वाढते. 'चॅम्पियन लाइन' म्हणून जे कौतुकाने सांगितलं जातं, त्यात असं बरेचदा सापडतं.

'डबल बोन लॅब', 'पंच फेस पग', 'टीकप पॉम' ही काय भानगड आहे?

ही विक्रेत्यांची भाषा आहे. डबल बोन अशी कुठलीच गोष्ट शरीरशास्त्रात नाही. त्याचा अर्थ जाड हाडाचं, अंगाने भरलेलं, लवकर वजन घेणारं पिल्लू, म्हणजे ज्याचे सांधे लवकर कुरकुरणार असं पिल्लू. पंच फेस म्हणजे नाक इतकं आत गेलेलं की श्वास घ्यायला जागा उरत नाही. टीकप म्हणजे एक तर कुपोषित पिल्लू, नाही तर आठवडाभर आधीच आईपासून तोडलेलं. ज्या शब्दासाठी तुम्ही पाच-दहा हजार जास्त मोजता, तोच शब्द पुढे दवाखान्याच्या बिलावर येतो.

जगात यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार आणि कवटी लहान पडल्याने होणारा मेंदूचा त्रास इतका पसरला आहे, की नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तिची पैदास तिथल्या प्राणी कल्याण कायद्याचा भंग ठरवली.

पिल्लू घेताना नेमकं काय विचारायचं?

आधी आई दाखवा म्हणायचं. 'आई गावाला आहे' हे उत्तर मिळालं की चपला घालून निघायचं. आई समोर असेल तर तिला चालताना बघा, उठताना बघा, तिच्या अंगावर खाजेचे चट्टे आहेत का ते बघा. मग विचारा: हिचं वय काय, हे कितवं बाळंतपण, आधीच्या पिल्लांपैकी कोणाचा फोन नंबर देता का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. दोन-तीन वर्षांच्या भावंडांचे पालक जे सांगतील ते कुठल्याच कागदावर नसतं.

लॅब्राडोर, गोल्डन, शेफर्ड किंवा रॉटवायलर असेल तर आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. बहुतेक ठिकाणी नसतात, तरी मागा. गिऱ्हाईक मागतच नाही म्हणून ब्रीडर काढत नाही.

कायदाही माहीत असू द्या. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तीस दिवसांचं पिल्लू टोपलीत घालून देणारा माणूस इतर बाबतींत काळजी घेत असेल, ही आशा सोडा.

आमचा लॅब्राडोर दीड वर्षाचा आहे. उठताना मागचे पाय जड पडतात. हिप डिस्प्लेसिया असेल का?

असू शकतो. खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला चेंडू. डिस्प्लेसियात वाटी उथळ राहते, चेंडू सैल बसतो, प्रत्येक पावलाला घासतो आणि शेवटी संधिवात होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा सांधा बहुधा ठीक असतो, सैलपणा वाढीच्या महिन्यांत येतो. लक्षणं दोन वयांत दिसतात: पाच महिन्यांपासून वर्षापर्यंत, किंवा थेट उतारवयात, संधिवात बळावल्यावर.

घरी काय बघायचं? पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा टुणटुण पळतो का? जिना चढायला टाळाटाळ करतो का? मागून बघितलं तर मांड्या सुकलेल्या आणि खांदे भरलेले दिसतात का? पाठीमागून चालताना नखं फरशीवर घासल्याचा आवाज येत असेल आणि कुत्रा म्हातारा शेफर्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मज्जारज्जूचा आजार असू शकतो. त्यात दुखत नाही, पण पाय कुठे पडतोय याचं भान जातं. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून तपासणी हवीच.

नक्की निदान एक्स-रेवर होतं आणि तो भूल किंवा गुंगी देऊनच नीट निघतो, कारण पाय मागे सरळ ताणून धरावे लागतात. जागेपणी धरपकड करून काढलेला एक्स-रे बरेचदा वाकडा येतो आणि पैसे वाया जातात. खासगीत परवडत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. मुंबईत परळचं 'बैलघोडा' सगळ्यांना माहीत आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळलाही महाविद्यालयं आहेत.

मग ऑपरेशन करावंच लागणार?

नाही. बहुतेक कुत्र्यांचं वजन, व्यायाम, फरशी आणि गरजेपुरतं औषध यांवर भागतं.

वजनापासून सुरू करा, कारण त्याच्या तोडीचं औषध नाही. अमेरिकेत 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. 2002 मध्ये निकाल आला: कमी खाणाऱ्या गटाचं मध्यम आयुष्य 13 वर्षं, दुसऱ्या गटाचं 11.2 वर्षं. संधिवातही कमी खाणाऱ्यांना उशिरा आणि कमी झाला. आणि 'जास्त खाणारे' म्हणजे फार लठ्ठ नव्हते हो, आपल्या सोसायटीतल्या नेहमीच्या लॅबसारखेच.

वजन बरोबर आहे का ते हाताने कळतं. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो बारीक आहे. आता मूठ उघडून तळहात खाली करा आणि हात सरळ ठेवून बोटांच्या मुळाशी चाचपा. बरगड्या अशा लागायला हव्यात: दिसत नाहीत पण लगेच जाणवतात. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर डाएट सुरू.

घरातली गुळगुळीत टाइल्सची फरशी या कुत्र्यांची वैरी आहे. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर रबराची चटई टाका, नखं कापा, पंजांमधले केस कापा. बॉल फेकून गर्रकन वळायला लावणारे खेळ बंद. पट्ट्यावर रोज बेताचं चालणं आणि जमलं तर पोहणं उत्तम.

एवढं करूनही दुखणं आवरत नसेल तर शस्त्रक्रिया असते. कुठे सांध्याचा चेंडूच काढून टाकतात, कुठे पूर्ण कृत्रिम सांधा बसवतात. दुसरी महाग आहे आणि प्रत्येक शहरात होत नाही.

घरात डायक्लोफिनॅक आहे. अर्धी गोळी देऊ?

अजिबात नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठराला भोकं पडतात आणि मूत्रपिंड निकामी होतात. पॅरासिटामॉलही मनाने द्यायचं नाही. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरांनी तपासून द्यायची.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून पिल्लाला कॅल्शियम सिरप द्यायचं ना?

मोठ्या जातीच्या पिल्लाला चांगलं पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम देऊ नका. लहान पिल्लांचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, ते सगळं शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणजे ज्या आजाराच्या भीतीने बाटली आणली, त्यालाच मदत होते. नुसत्या भात-चिकनवर वाढणाऱ्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याला कॅल्शियम कमीच पडतं, पण तिथेही अंदाजाने चमचे ओतण्यापेक्षा आहार बदलणं बरं.

आमचा लॅब जेवून उठला की लगेच पुन्हा उपाशी असल्यासारखं करतो. लाडावलाय का?

थोडा लाडावला असेलही, पण केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे चौथाई लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. अशा कुत्र्याला खरोखरच भूक लागलेली असते.

म्हणून त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका, वजनकाट्यावर मोजून वाढा. दिवसाचं अन्न सकाळीच एका डब्यात काढा, ट्रेनिंगचे तुकडेही त्यातलेच. काकडी, गाजर, शिजवलेला दुधी हे पोट भरायला बरे. आणि आजीच्या हातून टेबलाखाली जाणारी चपाती आणि ग्लुकोज बिस्किटं थांबवायची जबाबदारी घरातल्या कोणा एकाने घ्या. दवाखान्यातलं निम्मं वजन तिथेच अडतं.

पग घोरतो. गोड दिसतो की! त्यात काळजीचं काय?

घोरणं म्हणजे हवेची वाट अरुंद असल्याचा आवाज. कवटी आखूड केली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. टाळूचा मऊ भाग लांब लोंबतो, नाकपुड्या चिंचोळ्या होतात. पगच्या नाकाकडे समोरून बघा. नाकपुडी स्वल्पविरामासारखी उघडी हवी. नुसती उभी चीर दिसत असेल आणि श्वास घेताना ती आणखी मिटत असेल तर तो कायम कमी हवेवर जगतोय.

ब्रिटनचा केनल क्लब आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी 2019 मध्ये अशा कुत्र्यांसाठी श्वासाची श्रेणी ठरवण्याची पद्धत आणली. आधी घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचं, मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि पुन्हा ऐकायचं. 0 ते 3 अशी श्रेणी मिळते. वरच्या श्रेणीत नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती जितकी लवकर होते तितकं बरं. वर्षानुवर्षं जोर लावून श्वास घेतला की स्वरयंत्रही आत ओढलं जातं आणि मग दुरुस्ती अवघड होते.

कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो. पगला तेच नीट जमत नाही. त्यामुळे विदर्भात एप्रिल-मे आणि कोकणात ऑक्टोबरचा दमट उकाडा, दोन्ही धोक्याचे. फिरवणं पहाटे किंवा रात्री, गळ्यात कॉलर नको, छातीचा हार्नेस घ्या. उन्हाळ्यात बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

जीभ जांभळी, हिरड्या निळसर किंवा लालभडक, तोंडाला चिकट लाळ आणि तोल जाणं दिसलं तर तो उष्माघात समजा. नळाच्या साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, पंखा लावा आणि मग गाडी काढा. आधी थंड करणं, नंतर दवाखाना. विमानाचा प्रवास ठरवण्याआधी चौकशी करा. बऱ्याच कंपन्या आखूड नाकाचे कुत्रे कार्गोत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पॉमेरेनियन चालता चालता एक पाय उचलून उड्या मारतो, मग पुन्हा ठीक होतो. मुरगळला असेल का?

गुडघ्याची वाटी खाचेतून सरकते आहे. छोट्या जातींत हे फारच आढळतं. 1 ते 4 अशा श्रेणी असतात. पहिलीत बहुधा वजन आणि सोफ्यावरून उड्या यांवर लक्ष ठेवलं की भागतं. तिसरी-चौथी असेल, किंवा दुसरीतही लंगडणं वारंवार होत असेल, तर ऑपरेशनबद्दल बोला. सोबत कोरडा, हंसासारखा ठसका असेल तर श्वासनलिका चपटी होते का तेही तपासून घ्या. अशा कुत्र्यालाही कॉलर नको, हार्नेस.

डॅशहुंड काल रात्रीपासून मागचे पाय ओढतोय. दोन दिवस वाट बघू?

हा मजकूर वाचणं थांबवा आणि निघा. आखूड पायांचं जनुक याच कुत्र्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या लहान वयात कडक करतं. एक दिवस चकती सरकते आणि मज्जारज्जूवर दाब येतो. पायाचं बोट जोरात चिमटलं तरी कुत्रा मान वळवत नसेल तर वेळ फारच कमी आहे. न्यायचं कसं? फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर, पाठ न वाकवता.

ज्यांचा डॅशहुंड अजून ठीक आहे त्यांनी जिना, पलंग आणि सोफा यांना उतरती फळी किंवा फाटक करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. बीगल, पग, शिह त्झू यांनाही हा धोका आहे, थोडा कमी.

फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवतात. उपयोग होतो का?

नाही. फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. कांदा तर कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी आहे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कुत्रा जीभ गिळत नसतो, तुमचं बोट मात्र तुटेल.

करायचं ते एवढंच: जिना आणि फर्निचरपासून दूर सरकवा, दिवे-टीव्ही बंद करा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ जास्त सांगतो. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा 24 तासांत दोनपेक्षा जास्त फिट आल्या, तर तातडीने दवाखाना गाठा.

आनुवंशिक एपिलेप्सी साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होते. बीगल, लॅब्राडोर, शेफर्ड यांच्यात ती जास्त दिसते. निदान मात्र वगळत वगळत होतं: साखर, कॅल्शियम, यकृत, डिस्टेंपर आणि आपल्याकडे गोचिडांतून येणारे आजार आधी बघावे लागतात. फिनोबार्बिटॉन, पोटॅशियम ब्रोमाइड, लेव्हेटिरासेटॅम ही नेहमीची औषधं. ध्येय फिट कमी आणि सौम्य करण्याचं असतं, कायमच्या बंद होतीलच असं नाही. सहा महिने फिट आली नाही म्हणून गोळी मनाने बंद केली की मोठी फिट येते. गावाला जाताना औषध विसरू नका. चिठ्ठीशिवाय ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही.

जर्मन शेफर्ड दोघांचं जेवतो, तरी हाडांचा सापळा झालाय. जंत आहेत का?

जंताचं औषध दोनदा देऊनही फरक नसेल तर शीकडे बघा. ढीगभर, फिकट, चिकट आणि उग्र वासाची असेल तर स्वादुपिंड पाचक रस बनवत नाही असा संशय घ्या. या जातीत हा दोष वंशाने येतो. अन्न पोटात जातं, पण पचत नाही, म्हणून तो वेड्यासारखा खातो आणि कधी स्वतःची शीही खातो. घरचे मारतात बिचाऱ्याला. टीएलआय नावाची रक्त तपासणी असते. उपचार म्हणजे प्रत्येक जेवणावर एन्झाइमची पूड आणि बरेचदा बी-12 ची इंजेक्शनं, आयुष्यभर. खर्च कायमचा आहे, पण काही आठवड्यांत कुत्रा ओळखू येत नाही इतका भरतो.

गोचिडांसाठी शेजाऱ्यांनी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलंय. स्वस्तही आहे.

कॉली आणि शेल्टी यांच्यात, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही, एमडीआर-1 नावाच्या जनुकात दोष असतो. मेंदूच्या दारात औषध अडवणारा पहारेकरीच नसतो. गोचीड-खरजेसाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरतं. बुबुळं विस्फारतात, तोल जातो, लाळ गळते, कुत्रा कोमात जातो. उतारा नाही. गुरांची बाटली, अंदाजाने ओढलेली सिरिंज आणि घरी आलेला एक माणूस हा प्रकार कुठल्याच कुत्र्यावर करू नका. फ्ल्युरालॅनर, ॲफोक्सोलॅनर अशा गोळ्या आता मिळतात. कुत्र्याला फिट येत असतील तर त्या घेण्याआधी मात्र डॉक्टरांना सांगा.

दर पावसाळ्यात खाज, कान, पंजे चाटणं. स्टिरॉइडने थांबतं, पुन्हा येतं.

ही ॲटोपी, म्हणजे वंशाने आलेली ॲलर्जी. सहा महिने ते तीन वर्षं या वयात बहुधा सुरू होते. लॅब, गोल्डन, पग आणि शिह त्झू हे नेहमीचे मानकरी. आधी गोचीड-पिसवा आणि बुरशी-जिवाणूंचा संसर्ग संपवायचा, मग अन्नाची ॲलर्जी आहे का ते आठ आठवड्यांच्या काटेकोर आहाराने तपासायचं. त्या काळात बिस्किटाचा तुकडाही नाही. मग उरते ती ॲटोपी. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवायची असते. फिरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करणं, आठवड्याला औषधी शॅम्पू आणि गरजेपुरतं ऑक्लासिटिनिबसारखं औषध. स्टिरॉइड थोडे दिवस चालतं, वर्षानुवर्षं नाही.

डोबरमन आहे. काही खास काळजी?

दोन. पहिली, हृदय. या जातीत हृदयाचा स्नायू सैल पडत जाण्याचा आजार फार आहे आणि काही कुत्र्यांत पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू. तीन-चार वर्षांचा झाला की दर वर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि जमल्यास 24 तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) करा. त्रास दिसण्याआधी आजार सापडला तर पिमोबेंडान या औषधाने हार्ट फेल्युअर पुढे ढकलता येतं. घरी गाढ झोपेत एका मिनिटातले श्वास मोजायची सवय लावा. सतत 30 च्या वर जात असतील तर फोन करा.

दुसरी, रक्त न गोठण्याचा व्हॉन विलेब्रँड आजार. नसबंदीच्या आधी डॉक्टरांना याची आठवण करून द्या. ऑपरेशन टेबलावर कळणं परवडत नाही.

डाल्मेशियनला कलेजी चालते का?

नको. शुद्ध डाल्मेशियनच्या लघवीत युरिक ॲसिड जास्त जातं आणि त्याचे खडे होतात. कलेजी, किडनी आणि सुकी मासळी टाळा, पाणी भरपूर द्या. नर लघवीला कुंथत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डीएनए टेस्ट करून सगळं कळेल का?

गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतात. एका जनुकाने होणाऱ्या आजारांचं उत्तर स्पष्ट मिळतं: पीआरए, एमडीआर-1, लॅब्राडोरचं व्यायामानंतर कोसळणं. हिप डिस्प्लेसिया, एपिलेप्सी आणि ॲलर्जी यांसाठी अशी भरवशाची चाचणी नाही. पैदास करणाऱ्याने डीएनए टेस्ट करायलाच हवी. घरच्या पाळीव कुत्र्यासाठी तेवढे पैसे एक्स-रे आणि रक्त तपासणीवर घातले तर जास्त हाती लागतं, असं माझं मत.

गावठी किंवा कारवानी घेतला तर ही कटकटच नाही ना?

कमी आहे, पण शून्य नाही. 2018 मध्ये एक लाखाहून जास्त कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाचातले जवळपास दोन कुत्रे कुठल्या तरी आजाराचं जनुक बाळगून होते, संकर असलेलेही. फरक एवढाच, की संकरात दोन सदोष प्रती एकत्र येणं कमी घडतं. गावठ्याचं नाक, पाय आणि अंग कोणी शोसाठी वळवलेलं नाही, हा मोठा फायदा आहे. फ्लॅटमध्ये पहिला कुत्रा आणणाऱ्याला मी तोच सुचवतो.

कारवानी, पश्मी, मुधोळ हे शिकारी बांध्याचे कुत्रे. अंगात चरबी नसल्यासारखीच. ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनची भूल लांबते हे पक्कं माहीत आहे, म्हणून या मंडळींना भूल देतानाही तेवढीच काळजी घ्यायची. थायरॉइडचे आकडेही शिकारी जातींत मुळातच कमी येऊ शकतात, एका रिपोर्टवरून गोळी सुरू करू नका. आणि शर्यत जिंकणाऱ्या एकाच नरावर आसपासच्या सगळ्या माद्या न्यायच्या, ही पद्धत या जातींनाही बाधेल.

मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत म्हणतात. खरं का?

तिच्या तब्येतीला त्याची काही गरज नसते. नसबंदीने गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो आणि ती लवकर केली तर स्तनांच्या गाठींचाही कमी होतो. लॅब, गोल्डन, शेफर्ड यांच्यात फार लवकर केलेल्या नसबंदीने सांध्यांचे त्रास वाढतात असं दिसलं आहे. म्हणून या जातींत वाढ पूर्ण होईपर्यंत थांबण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. घरच्या कुत्र्यात आनुवंशिक आजार निघाला असेल तर मेटिंगचा विषयच काढू नका. शेजारच्यांचा लॅब कितीही देखणा असो.

विमा घेतला तर हे खर्च मिळतील?

पॉलिसीतला 'वगळलेल्या बाबी' हा भाग आधी वाचा. जन्मजात आणि आनुवंशिक आजार बरेचदा तिथेच सापडतात.

आजार निघाला. आता ब्रीडरला कळवून काय उपयोग?

कळवाच. भांडायला नाही, रिपोर्टचा फोटो आणि पिल्लाची जन्मतारीख पाठवायला. त्याच जोडीचं पुढचं मेटिंग ठरलेलं असू शकतं. काही ब्रीडर नंबर ब्लॉक करतील, काही खरंच जोडी बदलतील. भावंडांच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तिथेही टाका. डोबरमनच्या एका पिल्लाचा इको वाईट आला, तर बाकीच्या सहा घरांत तो या महिन्यातच करून घेता येतो.